पस्तीस किलोचा नियम

बाईंना पलंगावरून खुर्चीत बसवताना मी त्यांच्यासकट खाली बसले, तिथून हे सगळं सुरू झालं. पडले असं मी म्हणत नाही. बसलेच, पण फरशीवर, आणि बाई माझ्या मांडीवर. बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्हा मारवाडी जैनांच्या घरांत सासूला बाईच म्हणतात. घोडेगावच्या पेठेत आमचं किराणा-भुसाराचं दुकान, दुकानावर घर, आणि दोन्हींच्या मधे एक जिना. तो ज्यानं बांधला त्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालते. अरुंद, उभा, आणि अर्ध्यात काटकोनात वळलेला. त्याच जिन्यावरून बाई ऐन आषाढात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. मंचरला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, बाई घरी आल्या आणि वर चढवल्या त्या वरच राहिल्या.

तर त्या दिवशी माझ्या मांडीवर बसून बाई काय म्हणाल्या? तुला लागलं का, असं काही नाही. पदर सावरत म्हणाल्या, "एवढी वर्षं या घरचं तूप खाल्लंस बिनणी, गेलं कुठं ते? हातात एवढाही जीव नाही?"

बिनणी म्हणजे सून. माझं डोकं असं सणकलं की विचारू नका. या घरात तूप वाढतं कोण? बाई. तुपाच्या डब्यात एक इवलासा पितळी चमचा असतो, कानकोरण्याएवढा म्हटलं तरी चालेल, आणि सुनेच्या ताटावर तो एकदाच उपडा होतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून. त्या तुपानं माझ्या हातात जीव यायचा म्हणे! पण आधी उठणं भाग होतं. ह्यांना हाक मारली. ह्यांच्या मणक्याची गादी सरकलेली, त्यामुळे हे दारात उभे राहून "अगं, अगं" एवढंच करू शकले. शेवटी शेजारणीला बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून बाईंना वर घेतलं.

तुम्ही म्हणाल, दुकानात हमाल असतील की. आहेत ना, पोतं असं झेलतात की बघत राहावं. पण बाई परक्या पुरुषाचा हात अंगाला लावून घेत नाहीत. दवाखान्यात डोळे गच्च मिटून पडल्या होत्या, तेवढंच. मुलगा पुण्यात नोकरीला, तो काय रोज येणार? म्हणजे उचलायचं तर मीच.

आणि उचलायचं एवढ्यासाठी की बाईंना संवत्सरीला स्थानकात जायचं होतं. स्थानक म्हणजे आमचं प्रार्थनेचं ठिकाण, पेठेच्याच टोकाला. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, सगळे उपास करतात, संध्याकाळी एकत्र बसून प्रतिक्रमण करतात, म्हणजे झालेल्या चुका आठवून पाठ म्हणतात, आणि मग वर्षभरात जे काही बोललो-वागलो त्याची एकमेकांकडं हात जोडून, 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून क्षमा मागतात. बाई पडल्या त्या वर्षी पेठेतली माणसं जिना चढून आमच्याकडं आली. कुणी काठी टेकत, कुणी धापा टाकत. बाई पलंगावर पडून सगळ्यांना हात जोडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, गहिवरल्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "क्षमा मागायला आपण जायचं असतं. लोकांना जिना चढवायचा नसतो. पुढच्या वर्षी मी गेले नाही तर मी गेलेच म्हणून समज."

असं बोलतात.

दिवाळी झाली आणि मी जिममध्ये नाव घातलं. हसू नका. शिनोलीच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानामागं एक जिम आहे. दुपारी बायकांसाठी वेळ ठेवलेली, कारण त्या वेळी पोरं कॉलेजात नाही तर शेतात असतात. ट्रेनर शिनोलीचाच, शेतकऱ्याच्या घरातला, सकाळी कांद्याला पाणी देऊन येणार आणि दुपारी आम्हाला घाम काढायला लावणार. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "काकू, वजन कमी करायचंय का?"

म्हटलं, "नाही. उचलायचंय."

"किती?"

"बेचाळीस किलो. जिवंत."

तो जरा गडबडला. मग मी सगळं सांगितलं. बाईंचं वजन मंचरच्या दवाखान्यात बेचाळीस भरलं होतं, आजारपणानं आणखी झडलं असेल तर ते माझं नशीब. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "पोतं येगळं आन् माणूस येगळं, काकू. माणूस हलतं. पन व्हईल. सावकाश व्हईल."

पहिले काही आठवडे तर गंमतच होती. रिकामी सळई जमिनीवरून उचलताना पाय लटपटायचे. मग सळईला अडीच-अडीच किलोच्या चकत्या लागल्या, मग पाचच्या. दर आठवड्याला काहीतरी वाढायचं. आरशात दंड बघितला तर चक्क एक उंचवटा दिसायला लागला. या वयात! मी तो ह्यांना दाखवला. हे वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, "डास चावला का?" जाऊ दे. मला कळत होतं काय चाललंय ते. खांद्यापासून कमरेपर्यंत कुठंतरी आत, वर्षानुवर्षं झोपलेली माणसं एकेक करून उठत होती.

पौषात मी पस्तीस किलोवर पोचले आणि आनंदाच्या भरात तो घोळ घातला.

आमच्यात नियम घ्यायची लहानपणापासून सवय. रात्री न जेवायचा नियम, बटाटा न खायचा नियम, सकाळी सामायिक, म्हणजे घटकाभराचं ध्यान, झाल्याशिवाय तोंडात पाणी न घालायचा नियम. बेल्ह्याला माझ्या माहेरी तर आम्ही भावंडं खेळ म्हणून नियम घ्यायचो आणि मोडला की रडायचो. नियम घेतला म्हणजे घेतला. तर पस्तीस किलो उचलून आले त्या संध्याकाळी मी बाईंच्या पलंगासमोर हात जोडून उभी राहिले आणि नियम घेतला: बाई जिना उतरून स्थानकात जाईपर्यंत हेच व्यायाम, याच क्रमानं, एवढ्याच वेळा, रोज करीन, एक दिवस खाडा करणार नाही. बाईंनी नुसती मान हलवली. त्यांना व्यायामातलं काय कळतंय, पण नियमाला त्या कधी नको म्हणत नाहीत.

रोज म्हणजे अगदी रोज. रविवारी जिम बंद, तर मी दुकानात तांदळाचा पंचवीसचा कट्टा आणि दहाची साखर एकत्र बांधून उचलायची. गिऱ्हाईक बघत राहायचं. एकदा एका आजोबांनी विचारलंसुद्धा, "शेठाणी, हमाल सोडून गेला काय?"

आणि मग ते थांबलं. माघ गेला, शिमगा झाला, उन्हं तापली, सळई पस्तीसच्या वर तसूभर सरकेना. साडेसदतीस लावले की सळई जमिनीला खिळल्यासारखी. मी दात-ओठ खायची, लाल व्हायची, "हं!" करून ओढायची. काही नाही. दंडावरचा उंचवटा होता तेवढाच. दोन्ही मनगटं दुखायची, झोपेतून उठताना आंबल्यासारखं वाटायचं. रोज तेच करत होते, खाडा नव्हता, कसर नव्हती, मग वाढ का थांबावी? मेहनत तीच, मग फळ कुठं अडकलं?

मला एकदा प्रश्न पडला की मी सोडत नाही, हा माझा अवगुण म्हणा. जो भेटेल त्याला विचारायला लागले. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वय झालं की थांबतंच. म्हटलं, पौषात माझं वय काय पंचवीस होतं का? ट्रेनरला विचारलं, तो म्हणाला, "काकू, अंडी खावा." म्हटलं, पुन्हा नाव काढलंस तर तुझ्या आईला सांगीन. मग आम्ही दोघांनी बसून मूग, मटकी, पनीर, शेंगदाणे यांचा मेळ घातला. आम्ही सूर्य मावळल्यावर खात नाही, त्यामुळे जिमवरून आल्या आल्या उन्हातच जेवायला बसायचं, असं ठरवलं. त्यानं अंगात बरं वाटलं, पण सळई हलली नाही.

एक दिवस दुकानात पेठ गावचा एक बैलगाडावाला आला. शर्यतीच्या बैलांसाठी तो आमच्याकडून खारीक, गूळ आणि हरभरा नेतो. बैलाबद्दल बोलायला लागला की त्याला वेळेचं भान राहत नाही, पण त्या दिवशी मीच त्याला बसवून ठेवलं. विचारलं, "तुमचा बैल कधी अडतो का? म्हणजे रोज पळवून पळवून एका ठिकाणी थांबला, पुढं वेग वाढेना, असं होतं का?"

"व्हतं की, वैनी."

"मग काय करता?"

"पळवायचं बंद." तो चहा फुर्र करून म्हणाला. "एक दिस पवायला, एक दिस ओंडका वढायला, एक दिस नुसता चरायला. रोज शर्यतीच्या घाटातच पळवला तर बैल घाटाला कंटाळतो आन् त्याचं पाय बी नेहमीच्याच जागी दुखत्यात."

"आणि पुन्हा पळवला की?"

"पळतो. न्हाई पळला तर दुसरं काय तरी." मग जरा थांबून, डोळे बारीक करून: "पर तुमाला बैलाचं का वो एवढं?"

मी तूरडाळ मोजायला लागले. त्याची निम्मी गोष्ट बढाई असते हे मला माहीत होतं. पण "पळवायचं बंद" हे काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी ट्रेनरला सांगितलं, तर त्याचा चेहराच उजळला.

"काकू, मी तर म्हैन्यापासून हेच सांगतोय! तुमी ऐकताय कुठं? शरीर लई हुशार असतं बघा. रोज तेवढंच उचलायचंय असं कळलं का ते तेवढ्यापुरतीच तयारी ठिवतं. जास्तीची कशाला ठिवील? आता बदलायचं. एक दिस जड, पन थोडंच वेळा. एक दिस हलकं, पन खाली आणताना लई सावकाश. एक दिस दोन्ही हातात वजन घेऊन नुसतं चालायचं. आन् मधी सुट्टी. सुट्टी पायजेच."

"सुट्टी जमणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"आणि हे व्यायाम बदलणंही जमणार नाही."

"अवो, का पन?"

मग सांगावं लागलं. "आयला! जिमचा बी नियम?" मग म्हणाला, "मंग सोडून द्या की. देवाला सांगा, चुकलं म्हणून."

"आमच्यात देवाला सांगून सुटत नाही रे बाबा."

घरी येताना मी स्वतःवर जी चिडले! केवढा शहाणपणा केला होता मी! बाई जिना उतरेपर्यंत हाच व्यायाम. आणि हाच व्यायाम करत राहिले तर बाई जन्मात जिना उतरणार नाहीत. नियम पाळला तर ज्याच्यासाठी घेतला ते होणार नाही, आणि मोडला तर मोडल्याचं पाप. मीच माझ्या गळ्यात बांधून घेतलेलं लोढणं. जगात जिममध्ये जाणारी माणसं काय थोडी आहेत? पण व्यायामाचा असा नियम घेऊन अडकून बसलेली मी एकटीच असणार.

बाईंनी तोंड बघून ओळखलं. "काय झालं? भांडी का आपटतेस?"

"काही नाही."

"काही नाही तर हळू आपट."

मग मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. बैलगाड्याचंसुद्धा सांगितलं. बाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "नियम घेताना आगार ठेवला होतास?"

आगार म्हणजे सूट. आमच्यात पचखाण घेताना, म्हणजे त्यागाचा नियम घेताना, आधीच म्हणून ठेवतात: आजार आला तर, चुकून झालं तर, मोठ्यांनी सांगितलं तर सूट. मी आनंदात होते. मला सूट कुठली सुचणार?

"नाही ठेवला."

"मूर्ख आहेस," बाई म्हणाल्या. अगदी शांतपणे. "नियम असतो मनाला आवरायला. तुझं मन कुठं सुटलं होतं? ते बिचारं रोज जातंय, रोज ओढतंय. तू हातापायांना नियम दिलास. त्यांना काय कळतंय नियमातलं?"

व्यायामातलं त्यांना काही कळत नाही, असं मीच तर म्हणत होते.

"मग आता?"

"आता मोड. आणि आयंबिल कर." आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तूप-तेल, दूध, साखर, मीठ-मसाल्याशिवाय, नुसतं उकडलेलं. "माझ्यासमोर घेतलास, माझ्यासाठी घेतलास. म्हणून मीपण करते तुझ्याबरोबर."

"तुम्ही नका करू. डॉक्टर…"

"डॉक्टरला नियमातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी समोरासमोर बसून उकडलेले अळणी मूग खाल्ले. बाई पलंगावर, मी खाली पाटावर. घशाखाली उतरत नव्हते. हे डोकावून गेले आणि खाली दुकानात जाऊन फरसाण खाल्लं असणार. मी त्या दिवशी जिमला गेले नाही. पोटात काही नव्हतं, म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. ट्रेनरनं न विचारता साडेसदतीस लावले. मी वाकले, पाठ सरळ केली, श्वास भरला, आणि सळई वर आली. अशी आली की मीच मागं झोकांडी खाल्ली!

ट्रेनर ओरडला. मीपण ओरडले. कोपऱ्यात व्यायामाच्या सायकलवर बसलेली अंगणवाडीची ताई घाबरून खाली उतरली.

आता हे कशानं झालं? ट्रेनर म्हणतो, सुट्टीनं. थकलेलं अंग भरून आलं. बाई म्हणतात, मन मोकळं झालं म्हणून. बैलगाडावाल्याला कळलं असतं तर त्यानं सगळं श्रेय आपल्या बैलाला दिलं असतं. मी अजूनही विचार करते यावर, आणि खरं सांगू, मला नक्की ठाऊक नाही.

पण त्यानंतर मी बदल करायला भ्यायचं सोडून दिलं. थोडे आठवडे जड वजन, मोजक्या वेळा. वाढ मंदावली की पवित्रा बदलायचा. हलकं वजन, पण खाली ठेवताना इतकं हळू की मांड्या थरथरायच्या. मग हातात वजनं घेऊन जिमच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालणं. मग लाकडी खोक्यावर चढणं-उतरणं, छातीशी चकती धरून. दर वेळी नवीन जागा दुखायची आणि मी खूश व्हायची, चला, इथंही काहीतरी होतं म्हणायचं. आपल्याच अंगात एवढे कोपरे आहेत आणि आपण कधी तिकडं फिरकलोच नाही, याचं मला फार नवल वाटायचं. ज्येष्ठ संपता संपता मी पन्नास उचलले.

आणि मग एके दिवशी माझं लक्ष बाईंकडं गेलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं घरी येऊन त्यांना पलंगावरचे व्यायाम शिकवले होते, त्याला वर्ष होत आलं होतं. पाय वर, पाय खाली, टाच ओढ, टाच सोड. बाई ते रोज सकाळी नेमानं करायच्या. तेच. तेवढेच. आणि वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायच्या. तिथून परत. कधीपासून? मला आठवेनाच.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा पस्तीसवर अडकलात."

डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, हाड जुळलंय, धरून करा, हरकत नाही. मग मी उंच खुर्ची आणली. बसायचं, उठायचं. ते जमल्यावर जमिनीवर पाट ठेवला: पाटावर चढायचं, उतरायचं. मग पाटावर पाट. बाई मला मास्तरीण म्हणायला लागल्या. शिव्याही द्यायच्या मारवाडीत, त्या इथं लिहीत नाही. एक दिवस त्या उंबऱ्याबाहेर आल्या, जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि खाली बघून म्हणाल्या, "केवढा उभा आहे हा! इतकी वर्षं चढले कशी?"

संवत्सरी आली. उपास होताच. ट्रेनरनं बजावलं होतं, "उपाशीपोटी उचलू नका, काकू." म्हटलं, वर्षातून एकच दिवस आहे आणि तो उपासाचाच आहे, मी काय करू? दुपारभर मी मनातल्या मनात तोच जिना उतरत होते. वळणावर कुठला पाय पुढं, खांदा कुठं घासेल, बाईंचं डोकं कुठल्या बाजूला.

संध्याकाळी बाई पांढरी साडी नेसून तयार झाल्या. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन गुडघे वाकवले, हात पुढं केले. बाई म्हणाल्या, "बाजूला हो. पुढं उभी राहा. उलटी उतर, माझ्याकडं तोंड करून."

"म्हणजे?"

"म्हणजे मी उतरते."

मला काय वाटलं सांगू? राग आला. दिवाळीपासून मी मरतेय, सळया ओढतेय, आणि ह्या म्हणे मी उतरते! पण बाईंनी कठडा धरला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि पाऊल खाली टाकलं. मग दुसरं. मी पाठीमागं पाय चाचपत उतरत होते आणि त्यांच्या पावलांकडं बघत होते. राग कुठल्या पायरीवर राहिला ते कळलं नाही. खाली हे उभे होते, दुकानाचं शटर अर्धं ओढून, रडत.

स्थानकात बाई खुर्चीवर बसल्या. प्रतिक्रमण झालं. मग त्यांनी वॉकर घेतला आणि एकेकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, हात जोडले, क्षमा मागितली. कुणालाही त्यांनी जागेवरून उठू दिलं नाही. हे सगळं व्हायला फार वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

परत येताना जिन्याच्या पहिल्या पायरीवरच त्यांचा चेहरा उतरला. तरी चढल्या, वळणापर्यंत चढल्या. तिथं थांबल्या. कठड्यावरचा हात पांढरा पडला होता. मी खालच्या पायरीवर, त्यांच्या पाठीशी उभी होते.

"बिनणी," त्या म्हणाल्या, "संपलं माझं. आता तू."

मी एक हात पाठीमागून घेतला, एक गुडघ्यांखालून. गुडघे वाकवले, पाठ सरळ, श्वास पोटात. आणि बाई वर आल्या. पोतं येगळं आन् माणूस येगळं, खरंच. पोतं गळ्यात हात टाकत नाही. मी पहिली पायरी चढले, दुसरी चढले. मांड्यांना आग लागली होती, पण ती आग माझ्या ओळखीची होती. खालून हे "सावकाश, सावकाश" म्हणत होते. आणि तेवढ्यात माझ्या कानाशी, अगदी हळू आवाजात, बाई बोलल्या, "त्या दिवशी तुला तुपाचं बोलले. मिच्छामि दुक्कडं."

आमच्या घरात सून आधी खाली वाकते, आधी हात जोडते, आधी क्षमा मागते. बाई आशीर्वाद देतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी आधी म्हटलं नव्हतं. मला हात जोडायचे होते, पण दोन्ही हातांत त्याच होत्या. आणि तोंड उघडलं असतं तर श्वास सुटला असता.

"बाई," मी दात आवळून म्हटलं, "आत्ता बोलू नका. पायरी आहे."

वर आल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं, अलगद, काचेचं भांडं ठेवावं तसं. मग खाली फरशीवर बसले, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि जे काय रडले ते रडले. क्षमा मागायची होती ती मागायची राहिलीच. बाई माझ्या दंडावर हात फिरवत राहिल्या, जिथं तो उंचवटा आहे तिथं.

सकाळी पारणं होतं, उपास सोडायचा. मुगाची खिचडी केली होती. बाईंनी तुपाचा डबा आपल्याकडं ओढून घेतला. पितळी चमचा बाहेर काढून बाजूला ठेवला, आणि डबा माझ्या ताटावर तिरपा केला.

"बाई, पुरे," मी म्हटलं.

"गप बस," बाई म्हणाल्या. "खा. अजून वरखाली करायचंय मला."